गुडघ्याचं ऑपरेशन: पॉलिसी असूनही खिशातून किती जाणार, हे आधी कसं काढायचं?

मांजराकाठ (औसा)

मंडळी, आईचा उजवा गुडघा बदलायचं ठरलंय, लातूरला. डावा पुढं कधीतरी. डॉक्टरवर भरवसा आहे, पण आकडा कुणी नीट सांगंना. रिसेप्शनवाले म्हणायलेत, "दोन-सव्वादोन धरून चला." टीपीए डेस्कवरचा (विम्याच्या क्लेमचं काम बघणाऱ्या टेबलावरचा) पोरगा म्हणतो, "पॉलिसी आहे ना काका, मग कशाला डोकं लावता?" पॉलिसी फॅमिली फ्लोटर आहे, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच, ३ लाखांची, पाचवं वर्ष चालू. आई पहिल्यापासून त्यात आहे, वय ६६.

गावात एकाच्या वडिलांचं असंच 'कॅशलेस' ऑपरेशन झालं आणि डिस्चार्जच्या दिवशी साठ-सत्तर हजार भरा म्हणाले. बिचारा आडत्याकडं पळाला उचल आणायला. आमचं सोयाबीन अजून घरातच आहे, भाव चढंल म्हणून ठेवलंय. किती कट्टे काढावे लागतील ते ॲडमिट व्हायच्या आधी कळलं तर बरं. कुणी असा हिशेब मांडून बघितलाय का?

गोदाकाठचा (नांदेड)

हिशेब मांडता येतो दादा. पण "ऑपरेशनला किती लागतील" असं विचारलं की कुठंही गेलात तरी दोन-सव्वादोनच ऐकायला मिळंल. तो एकूण बिलाचा आकडा झाला. त्यातलं कंपनी किती देणार आणि किती तुमच्या गळ्यात टाकणार, हे रिसेप्शनला माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायची त्यांना गरजही नसते. दोन कागद शेजारी ठेवावे लागतात. एक हॉस्पिटलचं लेखी एस्टिमेट, कोणत्या खोलीसाठी ते लिहिलेलं. दुसरं पॉलिसीचं शेड्यूल आणि अटींचं पुस्तक. एजंटनं दिलेलं रंगीत पत्रक नव्हे. त्यात रूम रेंट (खोलीभाड्याची मर्यादा), को-पे (मंजूर रकमेतला आपण भरायचा वाटा), सब-लिमिट (ठरावीक आजारांना वेगळी मर्यादा), वेटिंग पिरियड (किती महिन्यांनी क्लेम चालू होतो) एवढं शोधा आणि इथं टाका, मग बोलू.

मांजराकाठ

शोधलं. रूम रेंट दिवसाला विमा रकमेच्या १ टक्का, आयसीयू २ टक्के. को-पे ६० वर्षांपुढच्या सभासदाला १० टक्के. सब-लिमिटमध्ये मोतीबिंदू, हर्निया आहेत, गुडघा नाही. जॉइंट रिप्लेसमेंटला वेटिंग ३६ महिने, ते संपलं. हॉस्पिटलात सेमी-प्रायव्हेट ३,००० आणि सिंगल ५,००० रोज. आई म्हणायली मला सिंगलच पाहिजे, रात्री लोकांचं घोरणं ऐकायचं नाही.

बालाघाटी (अंबाजोगाई)

झालं मग. सिंगल घेतली की गेलात. ३ लाखांच्या १ टक्का म्हणजे ३,०००. खोली ५,००० ची. ३ भागिले ५, म्हणजे कंपनी अख्ख्या बिलाच्या ६० टक्केच देणार. सव्वादोनातले नव्वद हजार तुमचे. आमच्या चुलत्याच्या वेळी असंच झालंय. लोकांना वाटतं जास्तीचे दोन हजार रोज आपण भरू, काय फरक पडतोय! फरक तिथं पडत नाही, बाकीच्या बिलात पडतो.

हुरडा_पार्टी (परभणी)

बालाघाटी, अर्धं बरोबर आहे. मी काही वर्षं हॉस्पिटलच्या बिलिंगला काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खोलीच्या प्रमाणात बिल कापणं म्हणजे प्रपोर्शनेट डिडक्शन. पूर्वी कंपन्या सरसकट सगळ्याला कात्री लावायच्या, तुमच्या चुलत्यांचं तेव्हाचं असंल. विमा नियामक आयआरडीएआयनं २०२० मध्ये ह्याला मर्यादा घातली. आता औषधं, कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायच्या वस्तू), इम्प्लांट (बसवायचा कृत्रिम सांधा) आणि तपासण्या ह्यांना ही कात्री लावता येत नाही. आयसीयूच्या खर्चालाही नाही. आणि ज्या हॉस्पिटलात खोली कुठलीही घेतली तरी डॉक्टरची फी, ओटी (ऑपरेशन थिएटर) चार्ज सारखेच असतात, तिथं मुळातच लावता येत नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: सिंगल घेतली तर सर्जनची फी बदलते का? बऱ्याच ठिकाणी बदलते. सर्जन, भूल, ओटी, नर्सिंग, सगळं खोलीबरोबर चढतं.

आता एक हिशेब मांडून दाखवते. आकडे माझ्या मनाचे आहेत, तुमच्या एस्टिमेटचे आले की तिथं तिथं घाला.

सिंगल खोली ५ दिवस, २५,०००. सर्जन, भूल, ओटी, नर्सिंग मिळून ९०,०००. इम्प्लांट ७०,०००. औषधं-तपासण्या २५,०००. पॉलिसीत न बसणारं सटरफटर ८,०००. एकूण २,१८,०००.

कंपनी खोलीचे १५,००० देणार. ९०,००० चे ६० टक्के, म्हणजे ५४,०००. इम्प्लांट आणि औषधं-तपासण्या पूर्ण, ९५,०००. सटरफटर शून्य. बेरीज १,६४,०००. त्यावर तुमचा १० टक्के को-पे, १६,४००. हातात मंजुरी १,४७,६०० ची. म्हणजे खिशातून ७०,४००. तुमच्या गावातल्या माणसाचे साठ-सत्तर हजार असेच कुठंतरी गेले असणार.

आता ३,००० ची खोली घ्या आणि बाकी सगळं आहे तसंच ठेवा. बिल २,०८,००० होतं. कापाकापी फक्त सटरफटरची, ८,०००. उरलेल्या दोन लाखांवर को-पे २०,०००. खिशातून २८,०००. पाच रात्री घोरणं न ऐकण्याची किंमत बेचाळीस हजार चारशे! आईंना सांगून बघा, ऐकत असतील तर.

बरं, आणि हे सटरफटर म्हणजे काय? ग्लोव्हज, डायपर, ॲडमिशन किट, फाईल चार्ज, नातेवाइकाचं जेवण, वॉकर, गुडघ्याचा पट्टा असलं. 'नॉन-पेएबल' म्हणतात. अटींच्या पुस्तकात मागं यादी असते. काही पॉलिसींत जास्तीचा हप्ता भरून कन्झ्युमेबल्सचं कव्हर घेता येतं, तुमच्यात असलं तर शेड्यूलवर लिहिलेलं असंल.

बालाघाटी

इम्प्लांटचं माहीत नव्हतं. धन्यवाद ताई. पण मग हॉस्पिटल इम्प्लांटचा भाव मनाला येईल तसा लावणार नाही का?

हुरडा_पार्टी

नाही लावता येत. गुडघ्याच्या इम्प्लांटवर औषध किंमत प्राधिकरणानं ऑगस्ट २०१७ पासून कमाल किंमत ठरवलीय. तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याचा पूर्ण सेट ५४,७२० अधिक जीएसटी असा बांधला, त्याआधी तोच दीड लाखाच्या पुढं जायचा. आकडे पुढं बदलत राहिलेत, पण बिलात इम्प्लांट वेगळं दाखवायचं, कंपनीचं नाव आणि बॅच नंबरसकट, हे बंधन आहे. एस्टिमेटमध्येच ब्रँड लिहून मागा. ऑपरेशननंतर डब्यावरचे स्टिकर केस पेपरला लावतात, त्यांचा फोटो काढून ठेवा. इम्प्लांटचं इन्व्हॉइस आणि स्टिकर नसेल तर क्लेमला हमखास क्वेरी येते.

भूम_परंडा (धाराशिव)

सगळे बिलातच अडकलेत. बिलात न येणारं कोण धरणार? माझ्या सासूबाईंचा गुडघा बदलला तेव्हाचं सांगते.

ऑपरेशनआधीच्या तपासण्या, टू-डी इको, फिजिशियनकडून फिटनेस, हे ॲडमिट व्हायच्या आधी होतं आणि रोख भरावं लागतं. नंतर मागता येतं (बहुतेक पॉलिसींत ॲडमिटच्या आधीचे ३० दिवस आणि डिस्चार्जनंतरचे ६० दिवस असतात), पण तोवर पैसा आपलाच अडकतो. मग फिजिओथेरपी. शहरात फिजिओ घरी येतो. खेड्यात कोण येणार? आम्ही नात्यातल्या एकांकडं बार्शीला राहिलो म्हणून निभावलं, नाहीतर खोली भाड्यानं घ्यावी लागली असती.

आणि संडास! गुडघा बदलल्यावर उकिडवं बसायचं नाही. घरी भारतीय संडास असेल तर कमोड बसवून घ्या, तोही ऑपरेशनच्या आधी. गवंडी, प्लंबर, फरशी, भिंतीला धरायचा दांडा. ते जमत नसेल तर कमोडची खुर्ची. पलंगही उंच लागतो, आमच्या सासूबाई जन्मभर खाली अंथरुणावर झोपलेल्या. ह्यातला रुपया कुठलीच कंपनी देत नाही. बरोबर राहणाऱ्या माणसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

मांजराकाठ

कमोडचं डोक्यातच नव्हतं ताई. घरी अजून जुनाच आहे. गवंड्याला आजच निरोप देतो.

बालाघाटी

दादा, एवढी आकडेमोड करायच्या आधी महात्मा फुले योजनेत बसतं का ते बघितलं का? आता ती सगळ्यांना आहे. पिवळं-केशरी रेशनकार्डच पाहिजे असं राहिलं नाही. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत.

गोदाकाठचा

+१. आमच्या नांदेडला ही योजना सगळ्यात आधी आली, २ जुलै २०१२ ला, पहिल्या आठ जिल्ह्यांत. तेव्हा नाव राजीव गांधी जीवनदायी होतं आणि मर्यादा दीड लाख. पुढं मराठवाड्यातल्या पांढऱ्या कार्डवाल्या शेतकऱ्यांनाही घेतलं. शासननिर्णय जुलै २०२३ चा, त्यानं ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली.

पण एक लक्षात घ्या. हॉस्पिटलबाहेर योजनेचा बोर्ड दिसला म्हणजे तुमचं ऑपरेशन तिथं योजनेत होईलच असं नाही. हॉस्पिटल ठरावीक विभागांसाठीच अंगीकृत असतं. हृदयाला असेल, हाडांना नसेल. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. आरोग्यमित्राचं टेबल असतं आत, त्याला ऑपरेशनचं नाव सांगून विचारा, किंवा १५५३८८ वर फोन लावा. बसलं तर पॅकेजमध्ये जेवण आणि घरी जायचं एसटीचं भाडं सुद्धा येतं. पॅकेजच्या वर एक रुपया मागितला तर तिथंच तक्रार करा.

अजिंठा_एक्सप्रेस (छ. संभाजीनगर)

धागा बरा चाललाय म्हणून थोडं आडवं जातो. माझ्या वडिलांना ७२ पूर्ण आहेत. त्यांच्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं, ७० च्या पुढच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता ५ लाख, ऑक्टोबर २०२४ पासून. खाजगी पॉलिसी असली तरी मिळतं. मांजराकाठ, आई ६६ च्या म्हणून तुम्हाला उपयोग नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाला होईल.

दुसरं, हॉस्पिटलच्या दर्शनी भागात दरपत्रक लावायचं बंधन आहे. नर्सिंग होमच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये राज्यानं दुरुस्ती केली, त्यात रुग्ण हक्कांची सनद आणि दराचा तक्ता लावणं आलं. खाटेचा रोजचा दर, आयसीयू, डॉक्टरची व्हिजिट, ओटी, भूल, नर्सिंग वगैरे. बऱ्याच ठिकाणी तो लिफ्टच्या मागं नाहीतर झाडाच्या कुंडीआड असतो, तरी शोधा आणि एस्टिमेटशी ताडून बघा. औषधंही त्यांच्याच मेडिकलमधून घेतली पाहिजेत अशी सक्ती नाही.

खोलीचं भाडं दिवसाला ५,००० च्या वर गेलं की त्यावर ५ टक्के जीएसटी लागतो, आयसीयू सोडून. तुमची बरोबर ५,००० ची आहे म्हणून वाचली. हा आकडा असाच पडलेला नसतो!

निवृत्त_मास्तर (हिंगोली)

राज्य सरकारी नोकरीत असलेल्यांसाठी एक सूचना. वैद्यकीय प्रतिपूर्ती आहे म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. खाजगी रुग्णालयातल्या उपचारासाठी २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजारांची यादी ठरलेली आहे. तिच्यात बसवून, जिल्हा शल्य चिकित्सकांकडून तपासून घेऊन देयक जातं. ठरवून केलेल्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला आधी कार्यालयात लेखी विचारावं. मंजूर झालं तरी पैसे येईपर्यंत सगळा खर्च आपणच केलेला असतो. तो पैसा कुठून उभा करायचा, हे आधी ठरवायला लागतं.

ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी धर्मादाय रुग्णालयं बघावीत. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न निर्धनांसाठी १ लाख ८० हजार, दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजारांच्या आत. तहसीलदाराचा दाखला भरती व्हायच्या आधी काढून ठेवावा. डिस्चार्जच्या दिवशी तो नेऊन दाखवला की नुसती हुज्जत होते. मुख्यमंत्री सहाय्यता निधीलाही दाखला लागतो, तिथं उत्पन्नाची अट १ लाख ६० हजारांची आहे, आणि खाजगी रुग्णालयाचं अंदाजपत्रक शल्य चिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं.

मांजराकाठ

काल लातूरला जाऊन आलो. आरोग्यमित्राला भेटलो. हे हॉस्पिटल योजनेत आहे पण हाडांच्या विभागासाठी नाही. दुसरीकडं न्यायचं का, ह्यावर घरात चर्चा झाली. आईला हेच डॉक्टर पाहिजेत, म्हणून पॉलिसीवरच करतोय.

एस्टिमेट लेखी मागितलं तर आधी नाही म्हणाले, "तसं देत नाही आम्ही". मी म्हणालो, प्री-ऑथला (ॲडमिटच्या आधीच्या मंजुरीला) कंपनीला जो आकडा पाठवणार तोच मला द्या. मग दिला. सेमी-प्रायव्हेट, पाच दिवस, इम्प्लांटच्या नावासकट २,०५,०००. त्यातलं नॉन-पेएबल अंदाजे ९,०००. हुरडा_पार्टी ताईंच्या पद्धतीनं: १,९६,००० वर १० टक्के, १९,६००. अधिक ९,०००. खिशातून २८,६००. भूम_परंडा ताईंचं कमोड, खुर्ची, फिजिओ, येणं-जाणं धरून पन्नासपर्यंत जाईल. बरोबर मांडलं का?

हुरडा_पार्टी

बरोबर. वर थोडी मोकळीक ठेवा, कारण एस्टिमेट सगळं सुरळीत झालं तरचं असतं. साखर वाढली, एक दिवस आयसीयूत ठेवलं, रक्ताची पिशवी लागली, की आकडा हलतो. "कशाकशानं वाढू शकतं आणि किती?" हे सर्जनला तोंडावर विचारा, ते सांगतात. काउंटरवाला सांगत नाही.

प्री-ऑथ दोन-तीन दिवस आधीच पाठवायला लावा. पहिली मंजुरी कमी रकमेची येते, घाबरू नका, उरलेली डिस्चार्जच्या वेळी अंतिम बिलावर येते. डिपॉझिट घेतील, त्याची पक्की पावती घ्या आणि परत कधी मिळणार ते विचारून ठेवा.

भूम_परंडा

डिस्चार्जच्या मंजुरीची वाट बघत संध्याकाळ होते आणि आणखी एका दिवसाचं भाडं लागतं, त्याचं काय?

हुरडा_पार्टी

आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय द्यायचा आणि हॉस्पिटलकडून डिस्चार्जची मागणी गेल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी. कंपनीनं उशीर केला तर जास्तीचा खर्च कंपनीचा. पण पुष्कळदा उशीर हॉस्पिटलकडूनच बिल पाठवायला होतो, तिथं हा नियम कामाला येत नाही. आदल्या संध्याकाळीच बिलिंगला जाऊन "उद्या सकाळी फाईल पाठवा" म्हणून मागं लागायचं.

गोदाकाठचा

मांजराकाठ, एक राहिलं. डाव्या गुडघ्याचं. डॉक्टरांनी कधी म्हणलंय?

मांजराकाठ

चार-सहा महिन्यांनी म्हणाले. का?

गोदाकाठचा

तुमच्या हिशेबानं ह्या गुडघ्याला कंपनी १,७६,४०० देणार. ३ लाखांतून तेवढे गेले की १,२३,६०० उरतात, आणि फ्लोटर असल्यामुळं तेही अख्ख्या घराचे. डावा त्याच पॉलिसी वर्षात केला तर ५२,८०० नुसते विमा संपल्यामुळं खिशातून जातील, को-पे आणि नॉन-पेएबल वेगळे. मध्येच घरात कुणाला डेंग्यू झाला तर अजून. रिन्यूअल झालं की ३ लाख पुन्हा नवे. 'रिस्टोअर'ची (संपलेली विमा रक्कम पुन्हा भरून मिळायची) सोय असेल तर वाचून बघा, काही पॉलिसींत ती त्याच आजाराला चालत नाही. नो-क्लेम बोनस (क्लेम न केलेल्या वर्षांची वाढीव विमा रक्कम) साठला असेल तर तोही धरा.

मांजराकाठ

रिन्यूअल फेब्रुवारीत आहे. हे कुणीच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना विचारतो मार्चवर ढकलता येतं का.

भूम_परंडा

त्यांनी चालेल म्हणलं तर मार्चच्या सुरुवातीलाच उरका. एप्रिल-मेच्या उन्हात पायाला पट्टा बांधून व्यायाम करायचा म्हणजे म्हाताऱ्या माणसाचे हाल, आणि लातुरात पाण्याचं काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

हुरडा_पार्टी

आणि फेब्रुवारीचा हप्ता तारखेच्या आत भरा. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, तेवढ्यात भरला तर पॉलिसी तुटत नाही, वेटिंगही नव्यानं लागत नाही. पण मधल्या मोकळ्या दिवसांत ॲडमिट झालं तर क्लेम मिळत नाही. आत्ताच्या ऑपरेशनची डिस्चार्जनंतरची बिलं, फिजिओची सुद्धा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट मूळ प्रतीत जपून ठेवा. ती किती दिवसांत द्यायची ते अटींच्या पुस्तकात आहे, डिस्चार्ज होईल त्या दिवशीच बघून घ्या.